नानीचं लेकरू

मंगरूळच्या बाजारात आमच्या मळ्याचं वांगं कोनालेबी इचारा, लोक नाव काढतात. त्या वांग्याचं सारं गुपित उकिरड्यात हाये. शेन, राख, पाला, सारं वरसभर त्या एका खड्ड्यात पडते अन् वैशाखात गाड्या भरून मळ्यात जाते. आमी माळी लोक उकिरड्याले घान म्हनत नाही. म्हून आमच्या सासूनं आपल्या नातवाले त्या उकिरड्यावर नेऊन टाकलं, तवा तिच्या मनात पाप नवतं, हे मी पयलेच सांगून टाकते. तरी मले तिचा राग हाये. गेलेल्या मानसाले नाव ठेवू नये म्हन्तात. नाही ठेवत, पन खोटं तरी कायले बोलू?

मी गिरजा, घरची मोठी सून, दौलतरावची बायको. उत्तमराव माहा लहाना दीर अन् प्रयाग त्याची बायको. केनवडची पोरगी, आली तवा इतकी हासे का मेथीच्या जुड्या बांधता बांधता हातातली मेथी सांडे. आमची बुढी म्हंजे सासू म्हने, हिले बाजारात बसवली तं गिऱ्हाइक भाव न करताच पैसे देऊन जाईन. लई लाडाची होती, खोटं नाही.

तिची पयली पोरगी पाचवी पुजाच्या आतच गेली. दुसरा पोरगा चांगला गुटगुटीत, रांगे, दात येऊन राह्यले होते, अन् दोन दिवसाच्या तापात तोबी गेला. दोन्ही वेळा मानसायनं लेकरू फडक्यात गुंडाळलं अन् नाल्याकडं नेलं. आमच्यात मायनं लेकराची माती पाहू नये. पाह्यली तं कूस तिथंच गुतते म्हन्तात. जागाबी सांगू नये. प्रयागनं एकदा माह्यासमोर उत्तमरावले इचारलं, कुठं ठेवलं हो? त्यानं खाली पाह्यलं, मंग बैलाकडं पाह्यलं, अन् मोट हाकाले निघून गेला. भला मानूस, पन तोंडात जीभ नाही.

अन् बुढीनं तिले रडूबी देल्लं नाही. म्हने, मायच्या आसवाईनं पुढच्या लेकराची वाट निसरडी होते. मंग पोरगी चुलीपाशी रडे अन् म्हने धूर गेला. कांदा कापताना रडे अन् म्हने कांदा तिखट हाये. मी म्हनलं, आत्याबाई, घरभर कांदे पडले हायेत, रडू द्या तिले एक दिवस. त्यावर बुढी मले म्हने, गिरजे, तुही जीभ लई लांब हाये. हाये तं हाये.

तिसऱ्यांदा दिवस गेले तवा बुढीनं घरात कोनाले तोंड उघडू देल्लं नाही. डोहाळे नाही, हिरवा चुडा नाही, ओटी नाही. कोनी इचारलं तं पोट सुटलं म्हनाचं. नजर लागते ना! प्रयाग स्वतःबी पोटावर हात ठेवत नोती. हासनं तं कवाचंच गेलं होतं. मेथीच्या जुड्या बांधाले बसली का तशीच बसून राहे, जुडी सुटून पसरून जाये, तिले पत्ता नाही. मी इचारलं, काय होते गं तुले? ती म्हने, बाई, मले काहीच होत नाही. मले वाटलं, चला, पोरगी सावरली. काही सावरली नोती. तिच्या आत काही होतच नोतं, हाच तिचा आजार होता.

ज्या साली आमी पयल्यांदा मत टाकाले गेलो, त्या सालच्या कार्तिकातली गोष्ट. रानात कापूस फुटला होता. सकाळपासून प्रयाग अडून राह्यली होती. सुईननं लई कष्ट केले. उन्हं वर आले तवा लेकरू खाली आलं अन् त्याच घडीले प्रयागची शुद्ध गेली. पोरगा होता. हातपाय झाडत होता, चांगला लाललाल.

बुढीनं आधीच सारं ठरवून ठेवलं होतं. तांड्यावरची नानीबाई, आमच्याकडं लाकडं अन् डिंक घेऊन येते, तिचे सारे लेकरं जितेजागते हायेत. तिले सकाळपासून अंगनात बसवून ठेवली होती. ज्या घरात लेकरं जगत नाहीत त्या घरची रीत आमच्याकडं सगळ्यायले ठाऊक हाये. मरनाले फसवाचं. लेकरू उकिरड्यावर टाकाचं, म्हंजे मरनाले वाटते, हे तं टाकून देल्लेलं हाये, कोनाले पाहिजे नाही, कायले न्याव? मंग एखादी लेकुरवाळी बाई ते उचलते, म्हन्ते मले सापडलं, माहं हाये, अन् खऱ्या मायजवळ पोसाले ठेवते. वरस-सव्वा वरसानं जावळ काढाच्या वक्ताले माय सूपभर जवारी देऊन आपलंच लेकरू इकत घेते. तवर तिनं त्याले माहं म्हनाचं नाही, मुका घ्याचा नाही. म्हून तं वऱ्हाडात गावोगाव उकंडा नावाचे मानसं हायेत. आमच्या दौलतरावाचा मामाबी उकंडाच.

तं बुढीनं लेकराले जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळलं, सुपात ठेवलं अन् घेऊन गेली उकिरड्यावर. मी प्रयागच्या तोंडावर पानी मारून राह्यली होती. तिले शुद्ध आली. पयला शब्द काय म्हनली? "बाई, रडलं का?"

मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात बुढी रिकामं सूप घेऊन दारात आली अन् मोठ्यानं ओरडली, लेकरं नेनाऱ्या सटवीले ऐकू जावं म्हून: "या घरात लेकरू झालं नाही. देवानं काही ठेवलं नाही." अन् मले हातानं इशारा केला का चूप राहा. तो इशारा मले दिसला. प्रयागचं तोंड भिंतीकडं होतं, तिले नाही दिसला.

जराशानं नानीबाई लेकरू घेऊन आत आली. रीतीचे बोल बोलली का हे माहं लेकरू हाये, मले उकिरड्यात सापडलं, तू याले दूध पाज, सांभाळ, मी येईन नेयाले. प्रयागनं हात पुढं केले, लेकरू घेतलं, अन् म्हनली, बरं.

तुमी म्हनान, रीत तिले ठाऊक नवती का? होती. केनवडात का उकंडे नाहीत? पन जिचे दोन लेकरं हातातून गेले, तिले कोनी सांगतलं का तिसरंबी गेलं, तं तेच तिले खरं वाटते. जगलं म्हनलं असतं तं तिनं इश्वास ठेवला नसता.

अन् मंग काय सांगू, काय सांभाळलं तिनं ते लेकरू! दुसऱ्याच्या घरची वस्तू आपन जपून वापरतो ना, तसं. वक्तावर दूध, वक्तावर तेल-पानी, चिंध्या धुऊन उन्हात. पन कवा त्याच्याशी बोलली नाही, कवा गालाले बोट लावलं नाही. दूध पाजताना तिकडं भिंतीकडं पाहे. लोक इचारत, कोनाचं लेकरू? ती म्हने, नानीचं. बाजाराच्या दिवशी नानीबाई आली का सारा हिशेब देल्यावानी सांगे: तुह्या लेकराले सर्दी झाल्ती, वेखंड लावलं, आता बरं हाये, कवा नेशीन? नानीबाई हासे, तिले वाटे रीत पाळून राह्यली. बुढी तं खूश. साऱ्या आळीत सांगे, सून असावी तं असी, कवा चुकूनबी माहं म्हनत नाही.

मी रोज तिच्यासंग उठत-बसत होती. मले दिसत होतं का ही पोरगी सोंग करून राह्यली नाही. एक दिवस तिच्यासमोर डिंकाचा लाडू ठेवला. ती म्हने, मले कायले बाई, मी का बाळंतीन हाये? मी म्हनलं, बाळंतीन नाही तं हे दूध कुठून आलं गं? तवा ती निवांत म्हनली, जशी मले समजावून सांगते:

"मेलेल्याचं हाये, बाई. वाया जाते, म्हून नानीच्या लेकराले पाजते."

मी दार लोटलं, तिच्यापाशी बसली अन् साफ सांगतलं का हे तुहंच हाये, तुह्या पोटातून आलेलं मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. ती माह्याकडं पाहून हासली. कित्येक महिन्यानं हासली, अन् तेबी असं! म्हने, तुमी माह्या जिवाले बरं वाटावं म्हून सांगता, मले समजते.

दौलतरावले सांगतलं, तं तो म्हने बायाचं बायानं पाहावं. बुढीले सांगतलं. तिनं माहा हात धरला अन् म्हने, जावळापावतर दम काढ. आताच माहं-माहं केलं अन् लेकराले काही झालं तं गिरजे, ते तुह्या बोलन्यानं झालं म्हनीन मी. सांगा आता. लेकराच्या जिवाची भीती घातली का लांबातली लांब जीभ आखडते. अन् बुढीबी काही खोटी नवती. दोन नातवं तिच्याच मांडीवर गेले होते. तिले लेकरू वाचवाचं होतं. त्या लेकराची मायबी तिथंच बसली हाये, हे मातर तिले दिसलं नाही.

पुसाच्या महिन्यात थंडी पडली तवापासून प्रयागची एक नवीन गोष्ट सुरू झाली. दिवे लागाच्या आधी गडू घेऊन उकिरड्यापाशी जाये. एका कोपऱ्यावर पानी शिंपडे. मंग इकडं-तिकडं पाहून पदराआड हात घाले अन् दुधाचे चार थेंब तिथं पाडे. माह्या पोरी चुलीची राख टाकाले गेल्या का हटकून सांगे, गरम राख टाकू नका वं. लेकरं हासत, काकू उकिरड्याची पूजा करते म्हनत. मले हासू आलं नाही.

वैशाख लागला. वांग्याची रोपं लावाच्या आधी खत टाकाचं होतं. दौलतराव अन् उत्तमरावनं गाडी जुपून उकिरड्यापाशी आनली, फावडे काढले. प्रयाग घरातून बाहेर आली. हातातलं लेकरू तिनं निंबाखाली वाकळीवर नीट ठेवलं, माह्या पोरीले सांगतलं का नानीचं हाये, पाहाजो बरं. मंग सरळ चालत गेली अन् उकिरड्यावर जाऊन बसली.

"फावडं लावू नका," ती म्हनली. "खाली माहं लेकरू हाये."

गाडीचे बैलसुद्धा उभे होते तसेच राह्यले. उत्तमरावच्या हातातलं फावडं खाली पडलं. बुढी धावत आली, कपाळावर हात मारला अन् म्हने, बाहेरची बाधा झाली, धनजच्या भगताले बोलवा. तवा मात्र माहा तोल गेला. मी म्हनलं, बाहेरचं काहीच नाही आत्याबाई, हे घरातलंच हाये. दारात उभं राहून कोन बोललं का देवानं काही ठेवलं नाही? सटवीनं ऐकलं का नाही मले ठाऊक नाही, पन हिनं ऐकलं, अन् सूप उकिरड्यावरून रिकामं आलं हेबी हिले कळलं. सहा महिने झाले, ही पोरगी इथं सुतक पाळून राह्यली अन् तुमी आळीत तिची वाहवा करून राह्यल्या.

प्रयागले आमच्या बोलन्याशी काही घेनं नवतं. तिनं उत्तमरावकडं पाह्यलं अन् म्हनली, काढाचंच असन तं हातानं काढा, त्याले लागन.

उत्तमराव गुडघ्यावर बसला अन् दोन्ही हातानं खत उपसू लागला. मी पदर खोचला अन् त्याच्या बाजूले बसली. दौलतरावबी बसला, तोच जो बायाचं बायानं पाहावं म्हने. बुढी उभी होती, उभी होती, अन् मंग तीबी खाली बसली. सारी सकाळ आमी उकिरडा हातानं काढला. खालचं खत गरम असते, हात भाजल्यावानी होत होते. वांग्याचे देठ निघाले, फुटक्या बांगड्या निघाल्या, बैलाच्या शिंगाचा एक तुकडा निघाला. प्रत्येक वस्तू प्रयाग हातात घेऊन पाहे अन् बाजूले ठेवे. शेवटी खालचा पांढरा मुरूम लागला. खड्डा रिकामा झाला.

मले वाटलं, आता पोरगी समजन. ती खड्ड्यात पाहत राह्यली, मंग आमच्या सगळ्यायच्या तोंडाकडं पाह्यलं, अन् इचारलं:

"मंग कुठं ठेवलं?"

हाच प्रश्न तिनं त्याले पयलेबी इचारला होता. या वेळी उत्तमराव मोटेकडं गेला नाही. कोपरापावतर शेनानं भरलेले हात तसेच घेऊन उठला अन् म्हने, चाल, दाखवतो. बुढीनं त्याचा सदरा धरला, कूस म्हने, कूस गुतते रे. तो म्हने, राहू दे माय. एवढंच म्हनला, हळूच म्हनला, पन बुढीचा हात सुटला.

नाला वाळून गेला होता. मी लेकरू कडेवर घेऊन मागं मागं चालली. पळसाच्या झाडाखाली दोन चपटे दगड होते, एक लहान अन् एक त्याच्याहून जरासा मोठा. आजूबाजूचं गवत कोनीतरी काढलेलं होतं. उत्तमरावच येत असन, मुका मानूस. प्रयाग बसली. लहान्या दगडावर हात ठेवला, हे पोरीचं का? तो म्हने, हो. मोठ्यावर हात ठेवला, हे बाबूचं? त्यानं मान हालवली. ती दगड पुसत राह्यली. मंग तिचा हात पुढं सरकला, मातीवरून फिरला, तिसरा दगड शोधत. तिथं काहीच नवतं.

मी लेकरू कडेवरून काढलं अन् त्या दोन दगडाच्या बाजूले तिच्यापुढं ठेवलं. बुढी मागून येऊन उभी होती, मी तिच्याकडं पाह्यलंबी नाही.

"हा हाये तिसरा," मी म्हनलं. "मेला नाही. म्हून त्याचा दगड नाही."

लेकराले भूक लागली होती, ते रडू लागलं. अन् प्रयागच्या चोळीवर दूध आलं. तिनं चोळीकडं पाह्यलं, लेकराकडं पाह्यलं, परत त्या रिकाम्या जागेकडं पाह्यलं. मंग उत्तमरावले नाही, मले नाही, सरळ बुढीले तिनं इचारलं:

"मंग मले दाखवला काहून नाही?"

बुढी दोन पावलं मागं सरली.

प्रयागनं लेकरू मांडीवर घेतलं अन् उघडं केलं. हाताचे बोटं एक एक करून उलगडले. पायाचे पाह्यले. कानामागं पाह्यलं, पाठ पाह्यली, पाठीवर एक तीळ होता त्याच्यावरून अंगठा फिरवला. बाया जे पयल्या घडीले पाहतात ते ती वैशाखात पाहून राह्यली होती. रोज आंघोळ घालत होती त्याले, पन तो तीळ तिनं तवा पयल्यांदा पाह्यला. त्याले खालचे दोन दात आले होते. तिनं दातावर बोट ठेवलं, अन् तवा तिचा बांध फुटला. आवाज करून रडली, गळा मोकळा करून, पोरीच्या नावानं रडली, बाबूच्या नावानं रडली, अन् मंग या जित्या लेकराले छातीशी धरून त्याच्यासाठीबी रडली. कोनी तिले गप म्हनलं नाही. बुढी दूर जाऊन खाली बसली अन् पदर तोंडात घातला.

जावळाची वाट प्रयागनं पाह्यली नाही. दोन-चार दिवसात सूपभर जवारी डोक्यावर घेतली, लेकरू कडेवर घेतलं अन् तांड्यावर गेली. मी संग होती. नानीबाईनं लेकरू हातात घेऊन परत तिच्या ओटीत टाकलं, म्हने, ने बाई, तुहंच होतं. प्रयाग तिथंच उभी राह्यली. मंग खालच्या आवाजात इचारलं, आता मुका घेऊ का मी याचा? नानीबाईनं मान हालवली.

एवढं झालं म्हून सारं बरं झालं, असं समजू नका. अजूनबी एखाद्या दिवशी ती जुड्या बांधता बांधता भिंतीकडं पाहत बसते. मी बोलत नाही, तिच्या पुढ्यातली मेथी माह्याकडं ओढून घेते अन् बांधून टाकते. हासते कवा-कवा. पयल्यासारखं नाही. सुख एकदा उशिरा आलं तं आधीचे दिवस कोन भरून देईन? बुढी मरेपावतर त्या दिवसाचं एक अक्षर बोलली नाही. पन दर अमावस्येले पळसाखालच्या त्या दगडायवर हळदीचं बोट लावलेलं दिसे, अन् ते काम ना माहं होतं ना प्रयागचं.

यंदा उकंड्याले शाळेत घातलं. मी अन् प्रयाग दोघी गेलो होतो. मास्तरनं इचारलं, पोरगा कवाचा? प्रयाग म्हने, वैशाखातला. मास्तर म्हने, अहो, याचा बाप तं कार्तिकातला सांगत होता. मी बोलनारच होती. कार्तिकात मी होती ना तिथं, पानी मी मारलं होतं तिच्या तोंडावर. पन प्रयागनं पोराच्या डोक्यावर हात ठेवला अन् मास्तरले म्हनली:

"त्याले काय ठाऊक, मास्तर? माय मी हाये. वैशाखातलाच हाये."

मास्तर माह्याकडं पाहू लागला. मी म्हनलं, ती म्हन्ते तसंच लिवा.